अलंकार, उदाहरण आणि साक्षीदार

‘जरा हळू भांडा, मी लिहून घेतोय,’ असं भांडणाऱ्यांना सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. वायंगणकर मास्तर.

त्या दिवशी भांडण नारळावरून होतं. झाड वाडीतल्या आबाचं, नारळ पडला तो चुलतभावाच्या अंगणात. दोन अंगणांमधल्या दगडी गडग्याच्या अलीकडे आबा, पलीकडे चुलतभाऊ, आणि दोघांच्या मधोमध गडग्यावर मास्तर बसलेले. छत्री बाजूला टेकवलेली, मांडीवर चिठ्ठ्या, हातात पेन्सिल. आबा ओरडला, ‘‘तुझ्या तोंडाक लागण्यापरास फुरशाच्या बिळात हात घातलेलो बरो!’’ मास्तरांनी लगेच हात वर केला. ‘‘थांबा. ‘घातलेलो बरो’ की ‘घालणा बरा’?’’ आबानं थोडा विचार केला. चुलतभावानं सांगितलं, ‘‘घातलेलो म्हणालो तो.’’ आबानं मान हलवली. मास्तरांनी लिहून घेतलं, वर ‘व्यतिरेक’ असा शब्द टाकला, खाली आबाचं नाव, वाडी आणि वार. तोवर दोघांचाही राग थंड झाला होता. नारळ चुलतभावानं फोडला आणि अर्धा आबाला दिला. मास्तर मात्र नाराज होऊन उठले. भांडण आणखी पाच मिनिटं चाललं असतं तर त्यांना एक ‘अतिशयोक्ती’ मिळाली असती.

मालवणजवळच्या आमच्या गावातल्या हायस्कुलात मास्तर मराठी शिकवायचे आणि मी चित्रकला. शिवाय आम्ही एकाच घराच्या दोन भागांत भाड्यानं राहायचो, मध्ये एक जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची भिंत. तेव्हा आमचा जिल्हा नवा झालेला होता, ज्याचं त्याचं काम ओरोसच्या नव्या कचेरीत अडलेलं असायचं, आणि गावात कोणीही कोणाशीही बोलत असला तरी विषय तोच असायचा. मास्तरांना विषयाशी कर्तव्य नव्हतं. त्यांना वाक्य हवं असायचं.

ते कोश करत होते. वाक्यविचार आणि अलंकार यांतल्या संज्ञांचा कोश. उद्देश्य, विधेय, मिश्रवाक्य, अध्याहृत पदं, उपमा, अपन्हुती, पर्यायोक्त, सगळं. प्रत्येक संज्ञेखाली सोपी व्याख्या आणि उदाहरणं. आता असे कोश पुष्कळ असतील. पण मास्तरांचा नियम असा, की उदाहरण एकही कवीचं घ्यायचं नाही. ‘‘कवी मुद्दाम बोलतो,’’ ते म्हणायचे. ‘‘मुद्दाम बोललेलं पुराव्याला धरत नाहीत.’’ मुलांना वर्षानुवर्षं चातक, राजहंस आणि कमळ घोकायला लावल्याचा त्यांना मनस्वी राग होता. मला विचारायचे, ‘‘आमच्या पोरांनी यांतलं काय बघितलंय, परब? बगळा बघितलाय. बगळ्याचं उदाहरण द्या की!’’

म्हणून हे उदाहरणांच्या मागे गावभर फिरायचे. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून त्यांनी चिठ्ठ्या केल्या होत्या. वर संज्ञा, मध्ये वाक्य बोललं तसं, खाली साक्षीदार. बोलणाऱ्याला ते साक्षीदारच म्हणायचे. बत्तीस पत्र्याचे डबे भरले होते, बिस्किटांचे, आणि त्यांच्या माजघरात पाय ठेवायला जागा नव्हती.

खरं सांगायचं तर त्यांतली उदाहरणं फार झकास होती. पाहुणा चार दिवस झाले तरी हलेना, तेव्हा माझ्याच सासूबाई त्याला म्हणाल्या होत्या, ‘‘पाचाची एस.टी. हल्ली येळेर सुटता हां.’’ ते पर्यायोक्तात गेलं. मास्तर अर्धा तास बाजारात घासाघीस करत राहिले तेव्हा मासळीवाली म्हणाली, ‘‘मास्तरांनू, तुमी म्हणजे दानशूर! बांगडो ऱ्हवांदे, नुसतो वास घेवन जावा.’’ ती व्याजस्तुती. ती लिहून घेताना मास्तरांचा चेहरा इतका खुलला होता, की बाईनं घाबरून दोन बांगडे जास्त घातले.

देवळात गाऱ्हाणं सुरू झालं की ते सगळ्यांच्या पुढे. गाऱ्हाणं घालणारे गावकर एकदा श्वास घेतला की देवाकडे पोराबाळांचं, गुराढोरांचं, मुंबईच्या चाकरमान्यांचं आणि समुद्रावर गेलेल्यांचं सगळं एका वाक्यात मागून घेत. लोक मध्ये मध्ये ‘व्हय म्हाराजा’ करत. एकदा मास्तर बोटांवर मोजता मोजता मोठ्यानं म्हणाले, ‘‘गौणवाक्यं सतरा झाली, मुख्य वाक्य खंय ऱ्हवला?’’ लोकांनी सवयीनं ‘व्हय म्हाराजा’ म्हणून टाकलं. गावकर वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

मास्तरांशी साधं बोलणं मोठं कठीण होतं. त्यांना सांगावं, अमका तुमच्यावर चिडलाय. ते म्हणणार, ‘‘हा सारांश झाला. शब्द सांग.’’ आणि शब्द कोणाला आठवतात? मी त्यांना टाळायला लागलो होतो, हे कबूल करतो. भिंतीपलीकडून पेन्सिल तासल्याचा आवाज आला की मी माझं बोलणं आवरतं घ्यायचो. माझ्या नावावर तशाही एकोणीस चिठ्ठ्या होत्या, त्यांतल्या बाराव्या डब्यातली एक बायकोनं ऐकली असती तर माझी धडगत नव्हती.

कोश तयार झाला तेव्हा त्यांनी तो मुंबईच्या एका प्रकाशकाला पाठवला. आठ महिन्यांनी चार वाक्यांचं पत्र आलं. उदाहरणं ग्राम्य असल्याचं दिसून आलं, नामवंत कवींची घातल्यास विचार करण्यात येईल. मास्तरांनी ते पत्र फळ्यावर उतरवून नववीच्या वर्गाकडून त्याचं वाक्यपृथक्करण करून घेतलं. नंतर शिक्षकांच्या खोलीत येऊन बसले. ‘‘चारही वाक्यांत कर्ता नाही, परब,’’ म्हणाले. ‘‘माझं पुस्तक कोणी नाकारलं, ते पत्रात कुठेच नाही.’’ आम्ही हसलो. ते हसले नाहीत. मला वाटतं, तो माणूस तिथेच थोडा मोडला. पण दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या पुन्हा सुरू झाल्या.

आणि मग बाबल बुडाला.

बाबल आमच्या वाडीतला तरुण मच्छीमार. होडी उलटली, तीन दिवसांनी प्रेत तारकर्लीच्या किनाऱ्याला लागलं. त्याच्या घरी आम्ही सगळे जमलो होतो. त्याची बायको शेवंती समुद्राकडे तोंड करून आक्रोश करत होती. ‘‘भरल्या दर्या, तुका आमच्याच घरची भूक लागली रे?’’ मी खाली मान घातली. मान वर केली तेव्हा मास्तर लिहीत होते.

बाबलच्या भावानं चिठ्ठी हिसकावून फाडली आणि मास्तरांना अंगणाबाहेर ढकललं. ‘‘मेल्या, माणूस मेलो हंय, आणि तू लिवतंस?’’ मास्तर उभे राहिले, धोतर झटकलं, एकदा त्या तुकड्यांकडे पाहिलं. मला त्यांची इतकी लाज वाटली, की मी त्यांच्याबरोबर परतलो नाही. मागाहून, दुसऱ्या वाटेनं आलो.

त्यानंतर गाव मास्तरांसमोर गप्प झालं. ठरवून नाही, आपोआप. ते बाजारात आले की मासळीवाल्या बोटांनी भाव सांगायच्या. हॉटेलात ते शिरले की कपबश्यांचा तेवढा आवाज. आबा आणि त्याचा चुलतभाऊ एकदा ऐन भांडणात होते, मास्तर दिसताच दोघेही गडग्याला टेकून आभाळाकडे बघत राहिले. मास्तर तिथे चांगला पाऊण तास थांबले. शेवटी ‘‘चालू द्या,’’ म्हणून निघून गेले.

यात खरी भरडली गेली ती काकी. मास्तरांच्या पत्नीला आम्ही सगळेच काकी म्हणायचो. मूलबाळ नव्हतं. ही बाई गोरीपान, ठेंगणी, कायम कशात तरी हात गुंतलेली. विहिरीवर ती गेली की बायका कळशा उचलायच्या, कारण इथलं बोलणं ती घरी नेऊन सांगेल असं त्यांना वाटायचं. ती कधीच कोणाचं काही घरी नेत नव्हती. मला भिंतीपलीकडून सहा वर्षांत ऐकू आला तो मास्तरांचाच आवाज.

सातेक महिन्यांनी शेवंती मास्तरांच्या पडवीत येऊन बसली. काकीनं मला हाक मारून बोलावलं, बहुतेक तिला भीती वाटली असावी. शेवंती जमिनीकडे बघत म्हणाली, ‘‘मास्तरांनू, तुमच्या डब्यात बाबलचा काय आसा काय?’’

मास्तर आत गेले. नववा डबा घेऊन आले. चिठ्ठी काढून डोळ्यांसमोर धरली, घसा साफ केला. हॉटेलातला शिळा पाव टेबलावर आपटत बाबल बोलला होता ते वाक्य होतं. अपन्हुती. मास्तरांनी ते शाळेतल्यासारखं वाचलं नाही. बाबल जिथे थांबला तिथे थांबले, जिथे चढला तिथे चढले. ‘‘ह्यो पाव नाय रे... चिरो आसा चिरो! चार आनी दी, घर बांधतंय!’’

शेवंतीला आधी हसू फुटलं. मग तिनं पदर तोंडात कोंबला. ‘‘तोच,’’ म्हणाली. ‘‘तोच तो. माका तेचा बोलणा आठवतच नाय होता ओ. तोंड दिसता, पण बोलणा नाय.’’ जाताना ती मास्तरांच्या पायाला हात लावायला वाकली, आणि मास्तर इतके गडबडले की डबा हातातून पडला.

मग लोक यायला लागले. आधी चोरून, नंतर उघड. कोणाची आई गेलेली, कोणाचा भाऊ. आमच्या गावात तेव्हा लग्नातला एखादा फोटो असायचा भिंतीवर, पण आवाज कोणाकडे नव्हता. तो मास्तरांच्या बिस्किटाच्या डब्यांत होता. आपल्या बापानं वीस वर्षांपूर्वी एस.टी.च्या कंडक्टरला दिलेली शिवी ऐकायला ओरोसच्या कचेरीतला एक साहेब पँट-शर्टात येऊन पडवीत मांडी घालून बसला होता. मास्तरांनी ती वाचून झाल्यावर चिठ्ठी परत डब्यात ठेवली आणि सांगितलं, ‘‘उत्प्रेक्षा आहे ती.’’ साहेब डोळे पुसत ‘हो हो’ म्हणाला. मला वाटलं, आता या माणसाचं बरं झालं. लोक पुन्हा त्याच्यासमोर बोलू लागले, उलट जरा जास्तच सजवून बोलू लागले. त्यावर मास्तर वैतागायचे. मुद्दाम बोललेलं ते धरत नसत.

ते सुख दीड वर्ष टिकलं.

शनिवारची सकाळची शाळा होती. मास्तर रजा टाकून रेडीला गेले होते. तिथे बंदरावर खनिज भरणारा एक मुकादम उपमांशिवाय बोलतच नाही असं त्यांना कोणी सांगितलं होतं. मी शाळा सुटून घरी आलो तर काकी पडवीच्या खांबाला टेकून बसलेली. चेहरा घामानं भिजलेला, एक हात छातीवर. माझी बायको माहेरी कुडाळला गेली होती. घरात, आजूबाजूला, कोणी नाही. मी पाणी दिलं. गाडी कुठे मिळेल, सरपंचांची जीप घरी असेल की मालवणला, याचा विचार करत मी पायात चपला अडकवत होतो. तेव्हा ती काहीतरी म्हणाली. मी ‘‘हो काकी, आलोच,’’ म्हणून धावत सुटलो. जीप घेऊन आलो तेव्हा ती खांबालाच टेकलेली होती. पण सगळं संपलं होतं.

मास्तर चारच्या एस.टी.नं आले. गल्लीच्या तोंडाशीच त्यांना कळलं. त्यांनी तिच्याजवळ बसून तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. रडले नाहीत. लोक नेण्याची तयारी करायला लागले तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. ‘‘परब, तू होतास ना? काय म्हणाली?’’

‘‘तुमची आठवण काढली, मास्तर.’’

‘‘तो सारांश झाला. शब्द सांग.’’

मला शब्द माहीत नव्हते. तिचे ओठ हलले होते, आवाजही आला होता, आणि मी जीपचा विचार करत होतो. मी तसं सांगितलं. ते पुन्हा तिच्याजवळ जाऊन बसले. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

दिवस-कार्य उरकल्यावर त्यांनी बत्तीसच्या बत्तीस डबे माजघरात उपडे केले. मी मदतीला बसलो. दोन दिवस आम्ही चिठ्ठ्या चाळत होतो. सगळं गाव होतं त्यांत. मेलेले, जिवंत, गोव्याला पळून गेलेले, माझ्या एकोणीस. काकीची एकही नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा डबा संपला तेव्हा मास्तर म्हणाले, ‘‘नसणारच. घरच्या माणसाची साक्ष घ्यायची नाही, असा मीच नियम केला होता. कोश निःपक्षपाती हवा ना.’’ आणि मग, ‘‘त्या दिवशी निघताना ती दारातून काहीतरी बोलली. मी ‘बरं’ म्हटलं. कशाला ‘बरं’ म्हटलं ते मला माहीत नाही, परब. एकतीस वर्षं मी त्या बाईला ‘बरं’ म्हणत आलो.’’

मग हा माणूस दारोदार फिरला. हातात एकच चिठ्ठी. वर संज्ञा लिहिली नव्हती, मधली जागा कोरी, खाली फक्त ‘सौ. वायंगणकर, राहत्या घरी’. ज्यांना त्यांनी आईबाप परत दिले होते त्या प्रत्येकाच्या अंगणात उभं राहून ते विचारायचे, ‘‘हिचं एखादं वाक्य आठवतं का? कुठलंही चालेल. अलंकार नको.’’

लोकांनी खरंच आठवून पाहिलं. ‘‘लय बरी बाय ती,’’ मासळीवाली म्हणाली. ‘‘कोणाक कधी वायट बोलाक नाय,’’ आबा म्हणाला. विहिरीवरच्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. त्यांनीच तिला बोलू दिलं नव्हतं. शेवंती तर रडायलाच लागली. ‘‘शब्द नाय आठवत ओ, मास्तरांनू. हात धरल्यान होतो माझो, तो आठवता.’’ मास्तर प्रत्येकाला ‘‘असू दे, असू दे,’’ म्हणायचे आणि चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवायचे.

त्यांनी लिहिणं थांबवलं. शाळेत यायचे, शिकवायचे, घरी जायचे. आबाच्या गडग्यावरचं भांडण आता दोन दोन तास चालायचं, कारण मध्ये कोणी थांबवत नव्हतं. मास्तर शेजारून छत्री घेऊन निघून जायचे. डबे माजघरात जसे उपडे केले होते तसेच पडून होते. भिंतीपलीकडून आता काहीच ऐकू येत नसे, आणि मी, ज्याला इतकी वर्षं त्या आवाजाचा जाच वाटायचा, तो भिंतीला कान लावून बसायचो.

पाच महिने मी हे बघितलं. एका रविवारी सकाळी मला ते सहन झालं नाही. मी त्यांच्या पडवीत गेलो आणि एका दमात सांगून टाकलं, की मास्तर, मला आठवलं. काकी काय म्हणाली ते आठवलं.

ते ताठ बसले. खिशातून चिठ्ठी काढली, फळीवरची पेन्सिल घेतली. ‘‘सांग.’’

‘‘म्हणाली, ‘ते येतले तेव्हा तेंका सांग, पेज झाकान ठेवलंय.’’’

मास्तरांची पेन्सिल चिठ्ठीवर टेकली आणि तिथेच थांबली. साक्षीदाराला ते नेहमी दोनदा बोलायला लावायचे. बोलणारा दुसऱ्यांदा शब्द न शब्द तेच बोलला तर वाक्य खरं, ते लिहायचं. बदलला तर सोडून द्यायचं. माझ्या एकोणीस चिठ्ठ्यांपायी मी हे एकोणीस वेळा भोगलं होतं, आणि घरून निघताना मला त्याची आठवणही झाली नव्हती.

‘‘परत सांग,’’ मास्तर म्हणाले.

‘‘म्हणाली, ‘ते इले काय तेंका सांग, पेज झाकलेली आसा...’’’ माझं मलाच ऐकू आलं. मी थांबलो.

मला वाटलं, आता हे उठतील आणि मला अंगणाबाहेर काढतील, आणि काढावंच. मास्तरांनी पेन्सिल फळीवर ठेवली. कोरी चिठ्ठी ठेवली. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा न लावता हातातच धरून ठेवला.

‘‘आणखी एकदा सांग रे,’’ ते म्हणाले.

मी सांगितलं. या खेपेला पेजेबरोबर लोणच्याची फोडही आली. मास्तर डोळे मिटून ऐकत होते, त्यांनी हरकत घेतली नाही. ‘‘आनी?’’ त्यांनी विचारलं, ‘‘आनी काय म्हणाली?’’